कपिलधार : काही टिपणे

मांजरसुंब्याजवळून कपिलधारकडे वळलं तरी दरीचा काही मागमूस लागत नाही. दोन्ही बाजूंना माळ, मधूनच तुरीचं नाहीतर सोयाबीनचं रान, बांधावर बाभळी. मग रस्ता एकदम उतरायला लागतो आणि डोंगर पोटातून कापल्यासारखी घळ समोर येते. बालाघाटाची ही खोड जुनीच. पाटोदा तालुक्यात सौताड्यालाही असंच : विंचरणा नदी कड्यावरून कोसळते, खाली रामेश्वराचं देऊळ, आणि वरच्या माळावरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही.

*

कपिलमुनींनी इथं तप केलं म्हणून कपिलधार, असं सांगतात. पण लोक येतात ते मन्मथस्वामींसाठी. सोळाव्या शतकातले हे वीरशैव संतकवी. त्यांची समाधी इथं आहे. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठी ओव्यांत आहे आणि लिंगायत घरांतून त्याची पारायणं आजही होतात. कार्तिकी पौर्णिमेला लातूर, नांदेड, परभणीकडून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या चालत येतात. त्या दिवसांत या घळीत पाय ठेवायला जागा नसते. शांतपणे दरी बघायची असेल तर कार्तिकी सोडून या. माणसं बघायची असतील तर मात्र कार्तिकीलाच.

*

धबधब्याच्या धारेकडे सगळेच बघतात, मोबाइलही तिकडेच रोखलेले. मी जरा बाजूचा कडा बघत बसलो. विहीर खणणाऱ्याला हा कडा वाचून दाखवायला सांगावा. वर काळा पाषाण, पहारीला दाद न देणारा. त्याखाली मांजऱ्या, भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला. पुन्हा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहिला, त्याचे हे थर. धबधबा होतो तोही यामुळेच. खालचा मऊ थर पाण्यानं आधी झिजतो, वरचा टणक थर ओठासारखा पुढं राहतो, आधार गेला की तुटून पडतो. म्हणजे धार दर काही काळानं एक पाऊल मागं सरकते. खाली पडलेल्या घरभर मोठ्या शिळा म्हणजे तो जुना ओठच. त्यांच्यावर बसून लोक चिवडा खातात.

*

एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, “सर, इथं पूर्वी खाण होती का? सोन्याबिन्याची?” नव्हती. बीडच्या नशिबी लाव्हाचा दगड आला, आणि या दगडाखाली काय आहे ते खोल गाडलं गेलं. महाराष्ट्राच्या खाणी जिथं हा काळा दगड संपतो तिथून सुरू होतात : नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज, चंद्रपूरचा कोळसा, सिंधुदुर्गात रेडीचं लोहखनिज. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांची नोंद तर अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. आपल्याकडं फार तर मांजऱ्याच्या पोकळीत गारगोटीचे चकचकीत खडे सापडतात. पोरगं हिरमुसलं.

पण बालाघाटानं खोदकाम पाहिलेलं नाही, असं कोण म्हणेल?

*

पायऱ्यांजवळ नारळ-बेल विकणाऱ्या एक मावशी. गिऱ्हाईक नव्हतं, बोलत बसल्या.

“बहात्तरला खडी फोडली आम्ही. परकरातली पोर होते मी. सकाळी माय उठवायची, हातोडा नि ट्यूबचं कडं घेऊन निघायचं.”

“कडं कशाला?”

“दगड उडू नये म्हणून. कड्यात दगड धरायचा, वरून हाणायचं. नेम चुकला की अंगठा.” त्यांनी डावा अंगठा पुढं केला. नख दुभंगून वाढलेलं, मधे एक काळी रेघ. “सुकडी मिळायची. अन् ती तांबडी मिलो. भाकर नीट थापायचीच नाही तिची.”

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. बहात्तरच्या त्या दुष्काळात मराठवाड्यात लाखो माणसं कामांवर होती : रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि खडी. शंभर घनफूट ढीग म्हणजे एक ब्रास, आणि तो ढीग मोजायला मुकादम येणार. रोजगार हमीचा कायदा पुढं 1977 मध्ये झाला, 1979 पासून अमलात आला. दिल्लीनं 2005 मध्ये केलेल्या कायद्याचं मूळ इथल्या खडीत आहे, हे दिल्लीत कुणी फारसं सांगत नाही.

त्या पोरानं हे ऐकलं का, माहीत नाही. ते सेल्फी काढत होतं.

*

आता खडी माणूस फोडत नाही, क्रशर फोडतो. हायवेचं चौपदरीकरण झालं आणि आसपासच्या टेकड्यांना पोकलेन लागले. वडारांची सुतकी, घण, पहार गेली. त्यांच्या हातानं टेकडी संपायला पिढ्या लागल्या असत्या, आता एक उन्हाळा पुरतो. रस्ता मलाही हवा, त्याच रस्त्यानं मी आलो. पण मुरमासाठी टेकडी कापायची तर कुठवर, याची रेघ कुणीतरी आखायला हवी. तीर्थाच्या दरीभोवती तरी आखाच.

*

याच बालाघाटात पाटोदा तालुक्यात दोन नद्या उगम पावतात. बिंदुसरा उत्तरेला उतरते, बीड शहरातून जाते आणि सिंदफणेमार्फत गोदावरीला मिळते. मांजरा पाठ फिरवून निघते ती बीड, लातूर, कर्नाटक असा सातशे किलोमीटरचा वळसा घालून तेलंगणात कंदकुर्तीला त्याच गोदावरीत पडते. भाऊबंदकीतही शेवटी एकाच सातबाऱ्यावर नाव, तसं.

*

बीडची खरी जुनी खाण बघायची तर खजाना बावडी बघावी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं ती बांधवली. काम राजा भास्करनं केलं, असं सांगतात. विहिरीत तीन भुयारं आहेत : दोन पाणी आणणारी, तिसरं घेऊन जाणारं. ना मोट, ना पंप. भुयाराला उतार असा साधलाय की पाणी आपोआप बलगुजारच्या रानात निघतं. इतक्या लांबचा उतार जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात, कशानं मोजला असेल त्या माणसांनी? अभियांत्रिकीच्या पोरांना धबधब्यावर सहलीला आणण्याआधी इथं उतरवायला पाहिजे.

बीडहून सोलापूर रस्त्याला पाच-सहा किलोमीटरवर ती आहे. कपिलधारहून परतताना वाटेतच पडते. अर्धा तास काढा, कठड्यावरून वाकू नका आणि रिकाम्या बाटल्या गाडीतच राहू द्या.