थरावरून उतरलेली अर्धशिशी

डोक्याला मार बसल्यावर येणारी ही अर्धशिशी लालबाग-परळच्या गोविंदांना चांगलीच माहितीची. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो आणि गोपाळकाल्यापर्यंत कुणीतरी थरावरून खाली येतोच. केईएममध्ये सीटी स्कॅन होतो, ‘काही नाही, घरी न्या’ म्हणतात, चाळ हुश्श करते. त्यानंतर आठवड्याभरात ही हजर. तीन महिन्यांनीही हलली नाही, तर ती मुक्कामाला आली असं समजायचं.

फोटो काढून घेण्याचा हिला भारी कंटाळा. स्कॅनमध्ये कधी दिसणार नाही, म्हणून घरचे पोराला ‘नाटकं करतो’ म्हणतात. मला याचा फार राग येतो. दुखणं खरंच असतं.

उंचीचं हिला कौतुक नाही. २०१४ साली उच्च न्यायालयाने हंडीला २० फुटांची मर्यादा घातली, २०१७ साली ती उठली. हिला एरवीही दुसऱ्या थरावरची टक्कर पुरते. बेशुद्ध पडायलाच हवं, असंही नाही.

मिजास मात्र मोठी. मिरची गल्लीतला खाट, ताशाची तर्री, दुपारचं ऊन, यातलं काहीही खपत नाही. लगेच अर्धं डोकं ठणकायला लागतं, पोटात मळमळतं.

एकटी ती क्वचितच येते. पडताना मानेलाही हिसका बसलेला असतो. मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या बुंध्याशी एकाच जागी मिळतात, म्हणून दुखते मान आणि ठणकतं कपाळ. सोबत मोडलेली झोप आणि पुन्हा पडण्याची धास्ती. आईला अर्धशिशी असेल, तर मुलात निजलेली ती एका फटक्याने जागी होऊ शकते.

लबाडी पाहायची तर गोळ्यांपाशी. गोळी घेतली की गुमान बसते, दोन दिवसांनी पुन्हा गोळी मागते. साधी वेदनाशामक महिन्यातून १५ दिवस किंवा मिश्र गोळी १० दिवस, असं तीन महिने चाललं, की गोळीच डोकं दुखवू लागते. म्हणून कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी दुखण्याचे आणि गोळीचे दिवस मांडावेत आणि तेच पान न्यूरोलॉजीच्या ओपीडीत दाखवावं.

हिचं सोंग घेऊन येणारी एक आहे, ती घातकी. मार लागल्यावर काही आठवड्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या माणसाचं किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचं डोकं रोज वाढतं दुखू लागलं, गुंगी आली, जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर कवटीत रक्त साचत असू शकतं. तेव्हा बाम चोळत बसू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा.