पऱ्हाट्यांवरचं भरीत

डिसेंबरातल्या रविवारी सकाळी यावल तालुक्यातल्या मळ्यात पोचलो तेव्हा विहिरीच्या पाण्यावर वाफ तरंगत होती. उत्तरेला सातपुडा धुक्यात अर्धा बुडालेला. मे महिन्यात पंचेचाळिशीच्या वर जाणारा पारा त्या पहाटे दहाच्याही खाली उतरला होता.

मळ्याचे मालक, साठी ओलांडलेले काका, रात्रभर जागे होते. केळीला असली थंडी सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते, घड निसवायला उशीर होतो. म्हणून बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा आणि रात्री बागेला विहिरीचं पाणी द्यायचं. जमिनीतलं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. जूनजुलैत लावतात ती मृगबाग, पावसाळा सरताना लावतात ती कांदेबाग. काकांचा जीव कोवळ्या कांदेबागेत अडकला होता. चहाचा कप हातात घेऊनही ते दोनदा उठून तिकडे बघून आले.

मग भरिताची तयारी सुरू झाली. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवतात आणि तिथून पुढे मळ्यामळ्यांत भरिताच्या पंगती बसतात. वांगी बामणोदची. फिकट हिरवी, गुळगुळीत, एकेक हातात मावू नये एवढी. आतला गर कापसासारखा, बिया नावालाच. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी.

भाजायचं काम पुरुषांचं. वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या, भराभर पेटतात आणि जाळ मोठा धरतात. साल करपून तडकली, देठाजवळून रस फसफसू लागला की वांगं काठीनं बाहेर ओढायचं. सोललेला गर होडीसारख्या लाकडी पात्रात पडला, त्यात जाळावरच भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ. दोघं जण समोरासमोर बसून मुसळानं ठेचत होते. गर पांढुरका, लांब धाग्यांचा निघाला, आणि त्या धुराचा वास थेट त्यात मुरलेला. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येणं शक्यच नाही, हे मला तिथे पहिल्या घासाला पटलं. वरून शेंगदाण्यांची फोडणी आणि कांद्याची पात पडली. काकूंनी कळण्याच्या भाकरी थापल्या होत्या. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं ते पीठ. पंगत केळीच्या पानांवर.

"घे ना भो, अजून घे," असं म्हणत प्रत्येक जण वाढत होता. नको म्हणायची सोयच नव्हती.

जेवताना फैजपूरचा विषय निघाला. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. काकांचे वडील लहानपणी बैलगाडीतून ते पाहायला गेले होते. म्हातारपणी त्यांना भाषणं आठवत नसत. गाडीतला कडबा आणि अंगावरची घोंगडी मात्र पक्की आठवायची.

निघताना काकांनी गाडीत वांग्यांची गोणी ठेवली. थोडं थांबून मागे गेले आणि पऱ्हाट्यांची एक मोळी सुतळीनं बांधून घेऊन आले. "वांगं तुमच्याकडं भेटीन," ते म्हणाले, "हे नाही भेटायचं."

वांगी आठवड्यात संपली. मोळी पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी आहे.