पद्मिनीला थंडी वाजते

जुनी गाडी आणि जुना माणूस, दोघांनाही हिवाळ्यात पहाटे उठवू नये. आमच्या घरी हे दोघेही आहेत. त्यातला माणूस रोज पाचला उठतो आणि गाडीला उठवण्यासाठी मला उठवतो.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा आणि डॅशबोर्डवर चोकचं बटण. नानांनी ती १९८६ साली ४०,००० रुपयांना सेकंडहँड घेतली. मी कॉमर्सचा पदवीधर. घटत्या शिलकेच्या पद्धतीनं दरसाल १५ टक्के घसारा लावून पाहिला, तर २०२५ साली तिची पुस्तकी किंमत ७१ रुपये निघाली. नाना शांतपणे म्हणाले, "मग तुझ्या पुस्तकात चूक आहे."

त्या वर्षी दिवाळीनंतर या ७१ रुपयांच्या मालमत्तेवर मी ११ हजार रुपये खर्च केले. असा कर्जप्रस्ताव आमच्या शाखेत आला असता, तर मॅनेजरसाहेबांनी अर्जदाराला आधी पाणी दिलं असतं.

पण कारण तसंच होतं. निफाडला नानांच्या मित्राची द्राक्षबाग आहे. दर जानेवारीत नाना नाशिकहून तिथं जातात, आणि तेही पद्मिनीतूनच. इतर गाडीत बसलं की त्यांना दवाखान्यात निघाल्यासारखं वाटतं. आदल्या हिवाळ्यात पद्मिनी सुरूच झाली नाही. नाना एवढंच म्हणाले, "जाऊ दे." मग सबंध जानेवारी ते खिडकीशी बसून होते. ते रागावले की आमच्या घरात कुणी दचकत नाही. 'जाऊ दे' म्हणाले की मात्र सगळे गप्प होतात.

थंडीत गाडीचं नेमकं काय होतं, हे मिस्त्रींनी मला समजावलं. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून जोर कमी मिळतो. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल बाटलीतल्या खोबरेल तेलासारखं जड होतं, म्हणून स्टार्टरला जोर जास्त लागतो. उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला! ही अवस्था बँकेतल्या क्लार्कला फार समजावून सांगावी लागत नाही.

मग ऑइल बदललं, प्लग आणि पॉइंट साफ केले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थंडीत त्याची वाफ सहज होत नाही आणि जुन्या रबरालाही ते मानवत नाही. म्हणून पेट्रोलचे पाइपही नवे घातले. बॅटरीच्या टर्मिनलांवरची पांढरी भुकटी सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि वर व्हॅसलीन लावलं. डबी नानांची होती. त्यानंतर आठवडाभर त्यांच्या टाचा आणि बॅटरी एकाच डबीवर चालल्या.

पुढचं काम शेडचं. पहाटे पत्र्याच्या खालून दवाचे थेंब टपकायचे. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. म्हणून पत्र्याखाली प्लायवूड ठोकलं, खाली कोबा केला, ट्यूबलाइट लावली आणि पुढे दार बसवलं. दाराच्या वर जाळीचे झरोके मुद्दाम ठेवले. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी सुरू झाली की आधी अंगणात. गरम व्हायचं ते तिथं.

शेड इतकी छान झाली, की आमच्या हिनं गव्हाची कोठी, लोणच्याच्या बरण्या आणि मुलाची जुनी सायकल तिकडे हलवली. मी कुरकुर केली, तर म्हणाली, "अहो, गाडीला एकटीला करमायचं नाही." वर रात्री थंड झालेल्या बॉनेटवर घालायला तिनंच एक गोधडी काढून दिली. तिची जोडीची गोधडी नानांच्या अंगावर असते.

जानेवारीतल्या एका पहाटे नाना मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर बसले. मी चोक ओढला. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. नानांच्या बाबतीत तेच काम आल्याचा चहा करतो. पहिल्या किल्लीला पद्मिनी नुसती खोकली. नानाही खोकले. दुसऱ्या किल्लीला ती सुरू झाली. नानांनी डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "चोक आत ढकल. पेट्रोल फुकट येत नाही."

निफाडच्या बागांमधून धूर वर चढत होता. पारा फार उतरला की द्राक्षं वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. नाना आणि त्यांचे मित्र अशाच एका शेकोटीशी तीन तास बसले. काय बोलले कोण जाणे. बहुतेक वेळ गप्पच होते. परतताना नानांनी मला द्राक्षांची पेटी उचलायला लावली आणि पुढच्या जानेवारीची तारीखही ठरवून टाकली.

घटत्या शिलकेच्या पद्धतीत एक गंमत आहे. कितीही वर्षं घसारा लावा, किंमत शून्य कधी होत नाही. कॉलेजात हा मला त्या पद्धतीचा दोष वाटायचा.