चार की सहा?

आमच्या मेहुण्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. दादरच्या त्यांच्या दोन खोल्यांत तीन ग्रामोफोन आहेत आणि त्यांतला एकही वाजत नाही. तेव्हा गेल्या मार्गशीर्षात गिरगावला येऊन त्यांनी "लालबागेत एक मोटार सापडली आहे, घ्यावी म्हणतो" असे जाहीर केले, तेव्हा आमच्या घरातून चहाचे आधण ठेवता ठेवता माझ्याकडे नुसते पाहणे झाले. त्या पाहण्याचा अर्थ, तुम्ही बरोबर जा आणि त्याला आवरा, असा होता.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढून मिरचीचा ठसका घेत आम्ही एका चाळीमागच्या पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. गाडी होती खरी. समोरची निशाणी गळालेली, दोन दिव्यांपैकी एक बेपत्ता, आणि रंगाचे थर इतके की नखाने खरवडल्यावर हिरव्याखाली काळा आणि काळ्याखाली निळा निघाला. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांचे सासरे शिवडीच्या मोटार कारखान्यात होते. पुढे त्यांच्या यजमानांनी ही गाडी भंगारवाल्याकडून सोडवून आणली होती. आर.सी. बुकात "शेव्हरोले" एवढे वाचता येत होते. साल होते तिथे कसरीने भोक पाडले होते. ती उणीव नातवाने भरून काढली. "१९२८ची आहे. शिवडीत बनलेली पहिली गाडी!" किंमतही त्याने पहिलेपणाचीच सांगितली. मेहुणे विरघळले.

शिवडीचा कारखाना ही काही दंतकथा नव्हे. जनरल मोटर्सने १९२८ साली तिथे मोटारी जोडायला सुरुवात केली. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि शिवडीत त्यांची गाडी व्हायची. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितले की नुसती जोडणी पुरे, ज्यांना भाग इथे बनवायचे असतील त्यांनीच राहावे. आणि १९५४ साली कंपनीने गाशा गुंडाळला. आज शिवडी म्हटले की लोकांना खाडीतले रोहित पक्षी आठवतात. त्याच बाजूला कधी काळी मोटारी तयार होत, हे सांगितले तर आमचे विद्यार्थी विनोद समजून हसतात.

पहिले आणि शेवटचे पान गळालेली पोथी हाती आली की तिचा काळ आतल्या पुराव्यावरून काढावा लागतो. मला तेवढीच विद्या येते. ती मोटारीला लावायची ठरवली. चार रात्री वाचन केल्यावर गंमत कळली. १९२७च्या शेव्हरोलेत पुढच्या नि मागच्या चाकांमध्ये अंतर १०३ इंच. १९२८ साली ते एकदम १०७ झाले. इंजिन मात्र चारच सिलिंडरांचे, १७१ घनइंचांचे. मग ही चार इंच जागा कशाला? तर पुढच्या वर्षी सहा सिलिंडरांचे, १९४ घनइंचांचे इंजिन यायचे होते; त्याच्यासाठी घर आधीच मोठे करून ठेवले होते. चारच्या किमतीत सहा, अशी त्याची जाहिरात झाली. तेव्हा टेप लावून १९२८ आणि १९२९ वेगळे करता येणार नव्हते. बॉनेट उघडून प्लग मोजणे भाग होते.

बॉनेट गंजाने धरले होते. ते उघडायला ऑपेरा हाऊसकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना नेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांची हयात पद्मिनी टॅक्सींत गेली. २०२३च्या ऑक्टोबरात त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्यापासून त्यांना वेळच वेळ आहे. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून आधी पत्र्यावर फिरवले. चिकटला तिथे पत्रा, घसरला तिथे लांबी भरलेली! आतल्या लाकडी सांगाड्यात पेचकस खुपसून वाळवी कुठवर गेली ते पाहिले. मग बॉनेट उघडले आणि बोटाने मोजले. सहा.

मेहुण्यांचा चेहरा उतरला. इंजिन मागाहून बसवले असेल, असे मी म्हटले. पण चाचांना चौकटीवर कापाकापीची किंवा वेल्डिंगची एक खूण सापडेना. चाकांची कडी २० इंची निघाली, स्टेपनीसुद्धा. १९३० साली ती १९ इंची झाली होती. म्हणजे गाडी १९२९ची.

"मग आता भाव पाडू," मेहुणे माझ्या कानाशी म्हणाले. "आणि इंजिन चालतं की नाही ते विकत घेतल्यावर बघू. आधी चालू झालं तर नातू भाव चढवील."

व्यवहार म्हणून यात चूक काढता येईना, आणि पटेनाही. चाचा मात्र प्लग काढताना थांबले. "माल दूसरे का है. पहले पूछो."

आजींना विचारले. त्या "करा की" म्हणाल्या. चाचांनी सहाही भोकांत रॉकेल नि तेल मिसळून ओतले आणि आठ दिवस गाडीला हात लावू दिला नाही. पुढल्या रविवारी हँडल पाव फेरा फिरले. त्याच्या पुढच्या रविवारी पूर्ण. टाकीत गंज होता, म्हणून पेट्रोल बाटलीतून नळीने दिले. सहा व्होल्टची बॅटरी जोडली. अकराव्या की बाराव्या हँडलला शेडमध्ये असा धूर झाला की चाळीतल्या बायका बादल्या घेऊन धावल्या.

धूर निवल्यावर मी आजींना सगळे सांगितले. गाडी चालते, पण ती १९२८ची नाही, १९२९ची आहे, पहिली नव्हे. नातू रागावला. आजी म्हणाल्या, "पहिली असं हाच म्हणतो. मामंजी २९च्या शिमग्यानंतर मुंबईला आले. २८ची असती तर ती त्यांच्या हातची कशी असती, मास्तर?"

ती त्यांच्याच हातची, असे सांगणारा पुरावा गाडीत कुठेही नाही. मी तो मागितलाही नाही.

किंमत पहिलेपणाची राहिली नाही, आणि भंगाराचीही नाही. सध्या मेहुणे ताडदेवच्या आर.टी.ओ.त फेऱ्या घालत आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमाप्रमाणे "व्हीए" अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र ती रोजच्या वापरात काढता येत नाही, हे कळल्यावर दादरच्या मंडईत तिच्यातून भाजीला जाण्याचा बेत बारगळला. गाडी अजून लालबागेतच आहे, कारण दादरला ठेवायला जागा नाही. आजींनी शेडचे भाडे सांगितले. मेहुण्यांनी घासाघीस केली नाही.