घोड्याखालची केप

कोकणातल्या वर्तमानपत्रांत ही बातमी मी इतक्यांदा वाचली आहे की आता मथळा पाहिला तरी पुढचा मजकूर कळतो. रात्री डुकराच्या मागावर गेलेले चारजण, ठासणीची किंवा सिंगल बॅरल बंदूक, अंधार, सोबत्यालाच लागलेली गोळी. कधी पाय घसरून बार उडालेला असतो, कधी झुडूप हललं म्हणून कुणीतरी चाप ओढलेला असतो. लोक चुकचुकतात, 'नशीब' म्हणतात आणि पान उलटतात. मला पान उलटता येत नाही. 1979 सालच्या ऑक्टोबरमध्ये अशीच एक बातमी आमच्या आजोळी घडली, तेव्हा बॅटरी माझ्या हातात होती.

मी बारा वर्षांचा होतो. मोठ्या मामूंकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे अशा बंदुका पुष्कळ घरांत असायच्या. 1959 च्या शस्त्र कायद्यातच पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. पण तो परवाना राखणीचा असतो, शिकारीचा नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर विनापरवानगी शिकार हा गुन्हाच. मात्र भात पोटऱ्यात आलं की डुकरं कायदा विचारून येत नाहीत. एका रात्रीत अर्धा मळा लोळवून जातात. आम्हाला ते मांस हराम, त्यामुळे मामूंच्या राखणीत खाण्याचा लोभ नव्हता. शेजारच्या कुणबीवाडीतले तात्या त्यांचे जोडीदार. दोघांची शेतं बांधाला बांध लागून, म्हणून राखणही सामाईक.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. मागच्या बाजूला एक बारीक बोंडी असते, तिच्यावर तांब्याची छोटी टोपी बसवायची. तिला आम्ही केप म्हणायचो. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. काडतुसाची बंदूक मोडून काडतूस काढता येतं. ठासलेली बंदूक अशी चटकन रिकामी होत नाही. म्हणून माणसं भरलेली बंदूक तशीच खांद्यावर टाकून घरी आणतात. त्यातल्या त्यात एकच उपाय असतो : चालायच्या आधी केप काढून घ्यायची. घोडा नुसता केपवर टेकवून ठेवणं म्हणजे बंदूक बंद करणं नव्हे. त्या घोड्यावर दगड आपटला तरी बार उडू शकतो. आणि घोडा अर्ध्यावर चढवून ठेवावा, तर जुन्या बंदुकीत ती खाच झिजलेली असते.

मामूंना हे सगळं ठाऊक होतं. मचाणावर बसल्यावरच ते केप लावायचे आणि उतरण्याआधी काढून तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकायचे. डबीचा टक् आवाज आला की आम्ही उतरायचो. मला ते सांगायचेही, "घोड्याखाली केप असली की बंदूक जागी असते रे. जाग्या बंदुकीबरोबर चालायचं नाही."

त्या पहाटे डुकरं आलीच नाहीत. रात्रभर जागून तिघेही पेंगत होतो. दूरवर फजरची अजान झाली आणि मामू घाईने उठले. वाटेतल्या पऱ्यावर वजू करून जमात गाठायची होती. आम्ही उतरलो. डबीचा आवाज आला नाही. मी बॅटरी मारली तेव्हा घोड्याखाली तांब्याचा ठिपका चमकलेला मी पाहिला. मनात आलं, सांगावं. पण मामू मोठे, बंदूक त्यांची, मी बॅटरी धरणारा पोर. मोठ्यांची चूक काढायची नसते हे आम्हाला सलाम करायला शिकवतात त्याच वयात शिकवलेलं असतं. मी गप्प राहिलो.

पुढे छातीभर उंचीचा गडगा होता आणि त्याला लागून करवंदीची जाळी. तात्या आधी पलीकडे उतरले आणि म्हणाले, "भाई, द्या इकडं." मामूंनी दस्ता धरून बंदूक गडग्यावरून पुढे सरकवली. नळी तात्यांकडे. बंदूक पुढे सरकताना करवंदीची फांदी घोड्यात अडकली, तिने घोडा मागे ताणला आणि सुटली. चापाला कुणाचं बोट लागलंच नाही.

छर्रे तात्यांच्या मांडीत गेले. मामूंनी उडी टाकून आपल्या लुंगीने मांडी आवळली. मी वाडीकडे पळत सुटलो. माणसं आली, डोली झाली. पण डोली उचलायच्या आधी अंगणात बोलणी सुरू झाली. पोलिसांना काय सांगायचं? शिकारीचा गुन्हा लागेल. परवाना जाईल. तात्या स्वतःच बंदुकीवर पडले असं सांगा. कुणी म्हणालं, आधी पाटलांना विचारा. सगळे मामूंच्या भल्यासाठीच बोलत होते, त्यात हिंदूही होते, मुसलमानही. मामू ओरडले तेव्हा कुठे डोली हलली. त्या बोलण्यात किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. तात्या तालुक्याच्या वाटेवर, खाडी ओलांडण्याआधी गेले. तो वेळ वाया गेला नसता तर ते वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. पण तो वेळ तात्यांचा होता आणि आम्ही तो आमच्या बचावासाठी खर्च केला, एवढं मला पक्कं माहीत आहे.

मामूंनी पोलिसांना जसं घडलं तसं सांगितलं. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम 304 अ. कोर्टातही चूक कबूल केली आणि झालेली शिक्षा भोगून आले. त्या कलमात जास्तीत जास्त दोन वर्षं होती. आता नव्या न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ती पाच झाली आहेत. बंदूक त्यांनी परत मागितली नाही.

शिक्षा भोगून झाली तरी मामूंचं समाधान झालं नव्हतं. ते मौलवीसाहेबांकडे गेले, मलाही घेऊन गेले. सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येबद्दल स्पष्ट हुकूम आहे : गुलाम मुक्त करा आणि मृताच्या घरच्यांना दियत द्या, त्यांनी स्वतःहून माफ केली तर गोष्ट वेगळी. गुलाम मुक्त करणं शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. मामूंचा प्रश्न साधा होता. तात्या मुसलमान नव्हते, मग? मौलवीसाहेबांनी त्याच आयतीकडे बोट केलं. ज्या लोकांशी तुमचा करार आहे त्यांच्यातला माणूस असेल तरीही दियत आणि कफ्फारा दोन्ही आहेत. मग ते म्हणाले, "बांधाला बांध लावून राहता, एका पऱ्याचं पाणी पिता, एका कायद्याखाली जगता. याहून मोठा करार कुठला?"

मामूंनी दोन महिने रोजे धरले. दियत द्यायला ते बांधाजवळच्या शेताचे कागद घेऊन काकींकडे गेले. काकींनी कागदाला हात लावला नाही. म्हणाल्या, "शेत नको भाई. पोरांची शाळा बघा." मामूंनी दोन्ही मुलांची शाळा शेवटपर्यंत बघितली. दर हंगामाला भाताची पोती आधी त्या अंगणात उतरायची, मग आमच्या. काकींनी माफ केलं की नाही हे त्या कधी बोलल्या नाहीत आणि मामूंनी कधी विचारलं नाही.

उहुदच्या लढाईतली एक हकीकत मला फार उशिरा वाचायला मिळाली. गोंधळात मुसलमानांच्याच हातून हजरत हुजैफा यांचे वयस्कर वडील मारले गेले. ओळखलंच नाही कुणी. हुजैफा ओरडत राहिले की हे माझे वडील आहेत, पण हात थांबले नाहीत. त्यांनी मारणाऱ्यांसाठी माफीची दुआ केली आणि पैगंबर (स.) दियत देऊ लागले तेव्हा ती मुसलमानांनाच दान केली. हे वाचून मला काकींची आठवण झाली. माफी देणाऱ्याचं नुकसान माफीने भरून येत नाही. म्हणूनच चुकीलाही किंमत ठेवलेली आहे. 'चुकून झालं' या शब्दाने हिशेब मिटत नाही, तिथून तो सुरू होतो.

आणि ही चूक होऊच नये म्हणूनही आम्हाला सांगून ठेवलं होतं. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचं पातं हाताने धरावं, कुणाला इजा होऊ नये. उपसलेली तलवार एकमेकांच्या हातात देऊ नये. भावाकडे हत्यार रोखू नये, सैतान हातातून ते कधी निसटवेल सांगता येत नाही. मदरशात या हदीसा आम्ही पाठ केल्या होत्या. पण बाण-तलवारी जुन्या जमान्यातल्या, असं वाटून सोडून दिल्या. भरलेली बंदूक नळी पुढे करून गडग्यावरून देणं म्हणजे उपसलेली तलवारच देणं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढे जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षकाचे चार नियम वाचनात आले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवू नका. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखल्याशिवाय बार टाकू नका. यातला चौथा मोडला म्हणून 2006 मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी टेक्सासात लाव्यांच्या शिकारीत आपल्याच सोबत्याला छर्रे मारले. चांगली बंदूक आणि सोबत सुरक्षारक्षक, दोन्ही असून. आपल्याकडे हाका घालून रान उठवताना चारी बाजूंना आपलीच माणसं असतात आणि नुसत्या खसफशीवर बार टाकतात. डुक्कर तसंच खसफसतं आणि माणूसही तसाच.

या चारांत मी आमच्या गडग्यापुरती भर घालतो. गडगा, पऱ्या, कुंपण आलं की काडतूस बाहेर, केप डबीत. बंदूक हातातून हातात द्यायची नाही. आडवी ठेवायची, नळी माणसांपासून दूर, आणि दुसऱ्याने दस्त्याकडून उचलायची. पेंग येत असेल तर बसून राहायचं, नमाज वेळेत होईल. कुणाला लागलंच तर आधी जखम दाबून धरायची आणि दवाखाना गाठायचा, बोलणी नंतर. आणि सगळ्यांत लहान जो असेल, त्याला विचारायचा हक्क द्यायचा.

आता आजोळची निम्मी शेतं ओस आहेत. माणसं मुंबईला, आखातात. रान वाढलं तशी डुकरंही वाढली. काहींनी सौरकुंपण लावलं, काही अजून बंदूक घेऊन बसतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. तीन पोरं राखणीवरून पहाटे परतत होती. मी अंगणातूनच विचारलं, "केप?" दोघं हसली, काकांचं रोजचंच म्हणून. तिसऱ्याने मूठ उघडून दाखवली.

तो त्यांच्यातला सगळ्यांत लहान होता.