डोंगराखालचे प्लॉट

कोपनहेगनच्या आमच्या फ्लॅटमध्ये गिझर नाही. जानेवारीत बाहेर पारा शून्याखाली गेला तरी नळाला कढत पाणी येतं. जोतिबाच्या डोंगरावरून, म्हणजे आमच्या वाडी रत्नागिरीहून कुणी आलं की विचारतंच, हे तापवतं कोण? मी सहवीज प्रकल्पाचा दाखला देतो. साखर कारखान्यात बगॅसवर वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि उरलेल्या वाफेवर रस आटतो. इथं रसाच्या जागी शहर आहे. वीजकेंद्रांतली आणि कचरा जाळणाऱ्या केंद्रांतली उष्णता घेऊन पाणी जमिनीखालच्या पाईपांतून घरोघर फिरतं, निवलं की परत तापायला जातं. शहरातली जवळजवळ सगळी घरं या जाळ्यावर आहेत.

१९७३ च्या तेलटंचाईत डेन्मार्कची पाचावर धारण बसली होती; जवळपास सगळी ऊर्जा आयात तेलावर. १९७९ मध्ये कायदा झाला आणि नगरपालिकांनी नकाशावर पट्टे आखले: या भागात पाईपचं गरम पाणी, त्या भागात गॅस. जोडणी सक्तीची करायचा अधिकारही त्यांना मिळाला. आपल्याकडं यावर मोर्चा निघाला असता. इथंही कुरकुर आहेच. पुरवठादार बदलता येत नाही ही तक्रार मलाही पटते.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो कोपनहेगनच्या वाढीचा १९४७ चा आराखडा. जुनं शहर हा तळहात, लोकलचे मार्ग ही पाच बोटं. वाढायचं ते बोटांवर, मधली शेतं आणि झाडी मोकळी. पुढं नियम आला की मोठी कार्यालयं स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत हवीत. मी लोकलनं कामाला जातो त्यात पर्यावरणप्रेम काडीचं नाही. गाडीवाचून अडतच नाही. ही माणसं सगळं साधतात असंही नाही. २०२५ पर्यंत कार्बनमुक्त होण्याची घोषणा २०२२ मध्येच गुंडाळावी लागली.

कोल्हापूरला घरं तापवायची नाहीत, पण बोटं आखायला काय हरकत होती? महापालिका १९७२ ची, हद्दवाढीचं भांडण जवळपास तितकंच जुनं. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. वाद सगळा घरफाळ्याचा आणि ग्रामपंचायत जाण्याचा. गावकऱ्यांची भीती खोटी नाही. पण रोज किती पेट्रोल जळणार, हेही त्या हद्दीबरोबरच ठरतं, आणि त्यावर कुणी बोलत नाही. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसच्या आधी प्लॉट पोचतात. मग घरात माणशी एक दुचाकी. कौलं जाऊन स्लॅब आला की वरच्या मजल्याला एसी. घराच्या भिंती-छतातून किती उष्णता आत यावी याची संहिता केंद्रानं २०१८ मध्येच काढली आहे, पण गवंड्याच्या तोंडी ती अजून मी ऐकलेली नाही.

चुलतभाऊ डोंगराखाली केर्लीच्या बाजूला प्लॉट बघतोय. फोनवर रस्ता किती फुटी, बोअरला पाणी किती, एनए झालंय का, सगळं सांगितलं. बसचं विचारलं तर म्हणाला, ‘‘दादा, ते कुणाला विचारायचं असतंय?’’