हजेरी

क्रिकेटचे वेड मला लहानपणापासून आहे, आणि चाळिशी उलटली तरी ते काही ओसरलेले नाही. १९४८ पासून ऐन पावसात रंगणाऱ्या कांगा लीगचे सामने मी आझाद मैदानाच्या कडेला छत्री घेऊन पाहत आलो आहे. तिथेच एका क्लबातर्फे खेळणारा आमच्या कॉलेजचा तो डावखुरा फिरकी गोलंदाज माझ्या नजरेत भरला. ओल्या खेळपट्टीवर त्याचा चेंडू असा काही वळे, की भले भले फलंदाज चकत! वाडेकर, गावसकर विद्यापीठाच्या संघातूनच पुढे आले. मग आमचा हा का येऊ नये? स्टाफरूममध्ये मी हे इतक्यांदा बोलून दाखवले, की शिपाईसुद्धा गालात हसू लागला.

आणि मार्चच्या परीक्षेत, माझ्याच देखरेखीखाली, त्याच्या बाहीतून चिठ्ठी निघाली.

"सर, प्रॅक्टिसमुळे अभ्यास झाला नाही," तो पुटपुटला.

मी चिठ्ठी वरिष्ठांच्या हवाली केली. त्याचे वर्ष गेले, कॉलेजच्या संघातली जागाही गेली.

रात्री आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "केलंत ते योग्यच केलंत. मग घास का उतरत नाही?"

कसा उतरणार? तो मैदानावर असताना वर्गात त्याची हजेरी वर्षभर मीच लावत होतो. तेव्हा मला काहीच वाटले नव्हते.

यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा छत्री घेऊन मैदानावर गेलो. तो दिसावा असे वाटत होते, आणि दिसू नये असेही.